अरेथा फ्रँकलिन: पहिली तबकडी व नंतरचें गाणें

कांहीं कथा इतक्या वेळां सांगितल्या जातात कीं, त्या तपासून पाहण्याची गरज कोणासच भासत नाहीं. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) हिच्या पूर्वायुष्याची कथा या जातीची आहे. कोलंबिया या बड्या कंपनीनें अठरा वर्षांच्या या मुलीस करारानें बांधून घेतलें, सहा वर्षें तिच्याकडून तिच्या प्रकृतीस न मानवणारीं गाणीं गाऊन घेतलीं आणि तिचें तेज झांकून ठेवलें. पुढें १९६७ सालीं अटलांटिक कंपनीचे जेरी वेक्सलर यांनीं तिला पियानोपुढें बसविलें मात्र, आणि खरी अरेथा एका दिवसांत प्रकट झाली, अशी ती कथा. तींत खलपुरुष आहे, उद्धारकर्ता आहे, आणि शेवटही गोड आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें सावध व्हावें तें नेमकें अशा ठिकाणीं. शिवाय ही कथा ज्यांनीं प्रचारांत आणिली त्यांत स्वतः वेक्सलर हे प्रमुख होते, हें विसरून चालणार नाहीं. विजयी पक्षाच्या बखरीस जेवढें प्रामाण्य द्यावयाचें तेवढेंच हिला द्यावें. पहिली तबकडी आजही ऐकावयास मिळते, नंतरच्याही मिळतात. त्या शेजारीं शेजारीं ठेवून ऐकल्या असतां काय आढळतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

अरेथाच्या गाण्यास 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें भक्तिगीत गाण्याची जी रीत होती ती ऐहिक प्रेमाच्या विषयांस लावली गेली, आणि त्या संयोगांतून १९५० नंतरच्या दशकांत हें संगीत जन्मास आलें. रे चार्ल्स यानें भक्तिगीतांचा ढंग उघड उघड प्रेमगीतांत आणिला. सॅम कुक हा चर्चचा लाडका गायक १९५७ सालीं ऐहिक गाण्याकडे वळला. धर्मनिष्ठ मंडळींस दोन्ही गोष्टी सारख्याच खटकल्या. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरचा मुलगा नाटक कंपनींत शिरला म्हणजे गांवांत जी कुजबुज होई, तिची आठवण वाचकांस येथें सहज होईल. अरेथाच्या बाबतींत मात्र एक विशेष होता. तिचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइट शहरांतील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक. त्यांचीं प्रवचनें तबकड्यांवर निघून देशभर खपत असत. आणि मुलीनें ऐहिक गाण्याकडे वळावें या गोष्टीस त्यांचाच पाठिंबा होता. त्यांचें प्रवचन साध्या बोलण्यानें सुरू होई, हळूहळू त्यास लय येई, आणि शेवटीं तें गाण्यांत विरघळून जाई. समोरचा समाज त्यांच्या वाक्यावाक्यास साद देई. महेलिया जॅक्सन आणि क्लॅरा वॉर्ड यांसारख्या गायिकांची घरांत ये-जा होती. मुलीचें संगीतशिक्षण म्हणावयाचें तर तें हेंच. पियानो ती कानानेंच शिकली.

तेव्हां तिची पहिली तबकडी कोणती, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. ग्रंथांतून सहसा १९६१ सालच्या कोलंबियाच्या तबकडीस हा मान दिला जातो. परंतु तिच्यापूर्वीं १९५६ सालीं, अरेथा चौदा वर्षांची असतांना, वडिलांच्याच चर्चमध्यें तिच्या भक्तिगीतांचें ध्वनिमुद्रण झालें होतें. डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर जो व्हॉन बॅटल या गृहस्थाचें तबकड्यांचें दुकान होतें. फ्रँकलिन यांचीं प्रवचनें मुद्रित करणारा तोच. त्याच्या जे. व्ही. बी. या छोट्या शिक्क्याखालीं हीं गीतें निघालीं. मुद्रण ओबडधोबड आहे. पियानो ती स्वतःच वाजविते. आवाज कोंवळा खरा, परंतु पोरकट नाहीं. एकच अक्षर धरून त्यावर स्वरांची चढउतार करीत त्यास लांबवीत नेण्याची तिची लकब येथें पूर्णपणें दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ती गात असतां भोंवतालचा समाज गप्प बसत नाहीं. कोणी हुंकार देतो, कोणी ओरडून पुढें ढकलतो, कोणी तिचे शब्द तिच्याआधींच उच्चारतो. त्या तबकडींत एका मुलीचा आवाज आहे असें म्हणण्यापेक्षां एका सभेचा आवाज आहे, आणि त्या सभेच्या अग्रभागीं ती मुलगी आहे, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

आतां कोलंबियाकडे वळूं. तेथील जॉन हॅमंड हे सामान्य व्यापारी नव्हते. बेसी स्मिथचें शेवटचें व बिली हॉलिडेचें पहिलें ध्वनिमुद्रण १९३३ या एकाच वर्षीं ज्यांच्या हातून झालें, ते हे हॅमंड. अरेथाचें एक नमुन्याचें मुद्रण त्यांच्या कानांवर पडलें आणि त्यांनीं तिला १९६० सालीं करारबद्ध केलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून न्यूयॉर्कमध्यें मुद्रणें सुरू झालीं, आणि १९६१ च्या आरंभीं रे ब्रायंट यांच्या वादकसंचासह बारा गाण्यांची तबकडी बाहेर पडली. हॅमंड यांना तींत जॅझ आणि ब्लूज यांची वारसदार दिसली, आणि त्यांनीं तिला त्या वेषांत उभें केलें. यांत दुष्टावा तर नव्हताच, अरसिकताही नव्हती. फार तर असें म्हणतां येईल कीं, त्यांचा कान पंचवीस वर्षांपूर्वींच्या सुरावर लागलेला होता.

ती तबकडी पूर्वग्रह बाजूस ठेवून ऐकावी. निवड संमिश्र आहे. एका चित्रपटामुळें घराघरांत पोहोंचलेलें 'ओव्हर द रेनबो' आहे. गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतनाटकांतील बायबलची थट्टा करणारें पद आहे, आणि तें पाळकाच्या मुलीनें गावें यांतील गंमत त्या वेळींही लोकांच्या लक्षांत आली असेल. 'टुडे आय सिंग द ब्लूज' आहे. आणि आरंभींच 'वोन्ट बी लाँग' आहे. रेल्वेच्या रुळांपाशीं प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीचें हें गाणें. तेथें पियानोवर अरेथाच आहे. डावा हात चर्चमधील उत्सवाचा ठेका धरतो, उजवा हात गळ्याच्या मागोमाग धांवतो, आणि दोन-तीन ओळींतच प्रियकराची आगगाडी ही मोक्षाची आगगाडी होऊन बसते. कृष्णवर्णीय श्रोत्यांनीं तें गाणें उचलून धरलें. त्यांच्या यादींत तें पहिल्या दहांत गेलें. सर्वसाधारण यादींत मात्र तें ७६ व्या क्रमांकावर थांबलें. जिनें १९६७ मध्यें जग हालविलें तीच ही बाई, याविषयीं हें गाणें ऐकणारास शंका राहूं नये. कंठ तोच, आवेश तोच, आणि पियानोही तोच. वेक्सलर यांनीं तिला पियानोपुढें प्रथम बसविलें हें विधान एवढ्या पुराव्यापुढें टिकत नाहीं.

मग उणें काय आहे? कारण उणें आहे हें खरेंच. 'ओव्हर द रेनबो' मध्यें तिचा आवाज गाण्याच्या कुंपणावरून पुनःपुन्हां उडी मारावयास पाहतो आणि खालीं पाय टेकावयास जागा न मिळून परत येतो. ब्रायंट हे अव्वल दर्जाचे पियानोवादक. त्यांच्या सोबतीस मिल्ट हिंटन यांच्यासारखा नामांकित बासवादक. सर्व मंडळी अदबीनें साथ करितात, आणि माझ्या मतें दोष आहे तो या अदबींत. वरिष्ठ पाहुणे एखाद्या मुलीचें गाणें कौतुकानें ऐकत बसले आहेत असा भास होतो. ती हांक मारिते, आणि उत्तरादाखल एक सुरेख, मोजून कापलेली संगतीची जागा येते. कीर्तनांत बुवांनीं अभंगाचा चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनीं तो उचलावा, ही देवघेव ज्याच्या अंगवळणीं पडली आहे त्यास टाळकऱ्यांवांचून उभें केलें तर त्याचें गाणें बिघडत नाहीं, परंतु अर्धें राहतें. चर्चमधील १९५६ सालच्या ओबडधोबड तबकडींत जो समाज होता तो १९६१ च्या सफाईदार तबकडींत नाहीं. दोहोंत फरक आहे तो एवढाच, पण हा फरक फार मोठा आहे.

पुढील पांच वर्षांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तिचीं मुद्रणें हॅमंड यांच्या हातून काढून दुसऱ्या निर्मात्यांकडे सोंपविण्यांत आलीं. तंतुवाद्यांचे ताफे वाढले. कधीं नाट्यगृहांतील गाणीं, कधीं तरुणांच्या नाचाचीं, कधीं १९६३ च्या डिसेंबरांत वारलेल्या डायना वॉशिंग्टनच्या स्मरणार्थ तिचीं गाणीं, असा धरसोडीचा क्रम चालला. त्यांत 'स्कायलार्क' सारखीं रत्नेंही सांपडतात. परंतु या सर्व काळांत सर्वसाधारण यादीच्या पहिल्या चाळिसांत तिचें एकच गाणें पोहोंचलें, आणि तेंही ३७ व्या क्रमांकावर. कंपनीस तिचें काय करावें हें कळत नव्हतें, हा आरोप खरा आहे. मात्र तिनें जॅझ गावें हीच चूक, असा जो त्याचा अर्थ लाविला जातो तो खरा नव्हे. त्याचें प्रमाण पुढें येईल.

करार संपल्यावर ती अटलांटिककडे गेली आणि १९६७ च्या जानेवारीच्या २४ तारखेस अलाबामा संस्थानांतील मसल शोल्स या लहानशा गांवीं रिक हॉल यांच्या स्टुडिओंत दाखल झाली. तेथील वादक बहुतेक गोरे व खेडवळ वळणाचे होते. लिहिलेल्या स्वरलिपीवरून वाजविण्याची त्यांची रीत नव्हती. गायकानें गाणें ऐकवावें, प्रत्येकानें आपापल्या जागा चांचपाव्या, आणि दहापांच प्रयत्नांत संगतीचा घाट आपोआप जमून यावा, अशी त्यांची पद्धत. अरेथानें पियानोवर 'आय नेव्हर लव्हड अ मॅन' सुरू केलें. सुरुवात कशी करावी हें कोणास सुचेना. मग स्पूनर ओल्डहॅम याच्या विजेच्या पियानोवरून एक रेंगाळणारी, किंचित् लंगडत चालणारी सुरावट उमटली, तिला ढोल व बास येऊन मिळाले, आणि थोड्याच वेळांत गाणें पुरें झालें. त्याच रात्रीं मद्याच्या भरांत तिचा पति टेड व्हाइट व एक वादक यांच्यांत शब्दास शब्द लागला. समेट करावयास गेलेले हॉल हेच हातघाईवर आले. आणि दुसरें गाणें अर्धवट टाकून अरेथा त्या गांवांतून निघून गेली. ज्या दिवसास तिच्या उद्धाराचा दिवस म्हणतात तो प्रत्यक्षांत असा संपला. एक गाणें पूर्ण, एक अपुरें, आणि पुढें काय याची कोणास खात्री नाहीं.

या दंतकथेंत जो भाग बहुधा गाळला जातो तो याच्या पुढचा आहे, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. अपुरें राहिलेलें 'डू राइट वूमन' न्यूयॉर्कमध्यें पुरें करण्यांत आलें. अरेथानें त्यांत पियानो व ऑर्गन स्वतः भरला, आणि मागचे आवाज म्हणून आपल्या दोन बहिणी, अर्मा व कॅरोलिन, यांना उभें केलें. म्हणजे चर्चमधील तो हरवलेला समाज तिनें आपल्या घरांतून आणिला. अलाबामाच्या वादकांसही न्यूयॉर्कला बोलावून घेण्यांत आलें. गाण्यांची मांडणी ती घरींच पियानोवर बहिणींच्या संगतीनें करून येई. वादकांनीं तिच्या हातांकडे पाहून चालावयाचें. पूर्वीं गळा तिचा होता आणि वेळ दुसऱ्याचा. आतां दोन्ही तिचे झाले.

'रिस्पेक्ट' हें त्याचें सर्वांत ठळक उदाहरण होय. मूळ गाणें ओटिस रेडिंग या गायकाचें, १९६५ सालचें; दिवसभर राबून घरीं येणारा पुरुष बायकोजवळ थोड्या मानाची मागणी करितो असा त्याचा आशय. अरेथानें १४ फेब्रुवारी १९६७ रोजीं तें मुद्रित केलें तेव्हां बोलणारी व्यक्ति बदलली आणि त्यासरशीं सर्वच बदललें. मागणारा पुरुष गेला, बजावणारी स्त्री आली. त्या शब्दाचीं अक्षरें एकेक करून उच्चारण्याची कल्पना मूळ गाण्यांत नाहीं. बहिणींचे झटपट येणारे प्रतिशब्दही नाहींत. किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनसाठीं मध्येंच जी वेगळ्या स्वरसंगतीची वाट काढिली आहे तीही नाहीं. रेडिंगच्या गाण्यांत एकटा माणूस बोलतो. अरेथाच्या गाण्यांत तीन बायका बोलतात, आणि ऐकणारा पुरुष तेथें नसला तरी त्याची पंचाईत झालेली आपणांस दिसते. जून महिन्यांत दोन आठवडे तें देशाच्या यादींत अग्रस्थानीं राहिलें. त्याच वर्षाच्या जुलैंत तिच्या डेट्रॉइट शहरांत दंगलीचा वणवा पेटला. नागरी हक्कांच्या चळवळीनें आणि पुढें स्त्रियांच्या चळवळीनें तें गाणें आपलें मानलें यांत नवल नाहीं. पाळक फ्रँकलिन यांनीं १९६३ सालीं डेट्रॉइटमध्यें काढलेल्या प्रचंड मिरवणुकीच्या शेवटीं मार्टिन लूथर किंग यांचें भाषण झालें होतें. त्या घरांत 'मान' हा शब्द केवळ संसारापुरता नव्हता.

येथें कोलंबियाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६७ ची तबकडी १९६१ सालीं निघूं शकली असती काय? मला तसें वाटत नाहीं. त्या वेळीं अरेथाच्याच गांवची मोटाउन कंपनी जेमतेम दोन वर्षांची होती, मसल शोल्सचे वादक अद्यापि पोरसवदा होते, आणि चर्चचा सूर न झांकतां गोऱ्या श्रोत्यांपुढें ठेवण्याचें धाडस बाजारास अंगवळणीं पडलें नव्हतें. स्वतः अरेथाही अठरा वर्षांची होती. संसार, विटंबना आणि रंगमंचावरील सहा वर्षांचा अनुभव यांची भर गळ्यांत पडावयाची होती. नंतरच्या यशाचा दिवा मागें धरून आरंभीच्या कृतींत अंधार शोधणें ही इतिहासाची पद्धत नव्हे.

आतां ज्या प्रमाणाचा वर उल्लेख केला तें पाहूं. अटलांटिकच्या आश्रयानें कीर्तीच्या शिखरावर असतांना, १९६९ च्या आरंभीं तिची 'सोल ६९' ही तबकडी निघाली. नांव फसवें आहे. आंत जॅझचे नामांकित वादक आहेत, पितळी वाद्यांचा मोठा ताफा आहे, आणि गाण्यांत चक्क 'टुडे आय सिंग द ब्लूज' आहे, जें तिनें हॅमंड यांच्यासाठीं गाइलें होतें तेंच. दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्याची तसदी वाचकांनीं अवश्य घ्यावी. पहिल्यांत ती दुःखाचें वर्णन करिते, आणि तें इतक्या सफाईनें कीं, अठरा वर्षांच्या मुलीस हें ठाऊक कसें याचें आश्चर्य वाटावें. दुसऱ्यांत आश्चर्यास जागा नाहीं. ती ओळ सुरू करावयास उशीर करिते, एवढा मोठा ताफा तिच्यासाठीं खोळंबतो, आणि ती आपल्या सोयीनें येते. पहिल्यांत तिनें जेथें उंच स्वर लावला तेथें दुसऱ्यांत ती कित्येकदां नुसती थांबते. गाण्याचा प्रकार तोच, म्हणून दोष प्रकाराचा नव्हता हें उघड होतें. मला विचाराल तर हिच्या सर्व तबकड्यांत अन्याय झाला असेल तर तो हिच्यावरच. गाजलेल्या कथेशीं ती जुळत नाहीं म्हणून तिचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं.

उलट बाजूचाही दाखला आहे. १९८० सालीं ती अरिस्टा कंपनीकडे गेली आणि पांच वर्षांनीं 'हू इज झूमिन हू' या तबकडीनें तिला पुन्हां मोठा खप मिळवून दिला. गाणीं चटकदार आहेत. पण ठेका आतां यंत्राचा होता, आणि यंत्र कोणाचीच वाट पाहत नाहीं. त्या बिनचूक ठोक्यांवर तिचा आवाज ऐकतांना १९६१ चे ते अदबशीर पाहुणे अधूनमधून आठवतात. यश आणि स्वातंत्र्य एकाच वेळीं येतात असें मानणारांनीं हीं दोन्ही मुद्रणें ताडून पाहावीं.

तथापि पहिल्या तबकडीचा, म्हणजे खऱ्या पहिल्या, १९५६ च्या तबकडीचा नंतरच्या गाण्याशीं सामना लावावयाचा तर १९७२ सालाकडेच परत यावें लागतें. त्या वर्षाच्या जानेवारीच्या १३ व १४ तारखांस लॉस एंजेलिस येथील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्यें दोन रात्रीं तिनें भक्तिगीतें गाइलीं. सोबत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड व त्यांचा गायकवृंद होता. हे क्लीव्हलंड एके काळीं डेट्रॉइटला तिच्या वडिलांच्या चर्चचे संगीतप्रमुख होते. लहानपणीं तिनें त्यांच्यापासून पुष्कळ उचललें होतें. साथीस तिच्या नेहमींच्या ऐहिक गाण्यांचेच वादक होते. ज्यांनीं तिला एके काळीं चर्चमधून गेलेली म्हटलें त्यांस याहून स्पष्ट उत्तर देतां आलें नसतें, आणि तिनें तें शब्दांनीं दिलेंही नाहीं. यांतून निघालेल्या 'अमेझिंग ग्रेस' या जोडतबकडीच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

'प्रेशस लॉर्ड' आणि 'नेव्हर ग्रो ओल्ड' हीं दोन गीतें १९५६ च्या तबकडींत आहेत आणि १९७२ च्या तबकडींतही आहेत. पहिलें आतां त्या वेळच्या एका लोकप्रिय मैत्रीगीताशीं बेमालूम जोडलेलें आहे. दुसरें म्हातारपण नसलेल्या परलोकाचें गीत, जोडतबकडीच्या अगदीं शेवटीं, सुमारें दहा मिनिटें चालतें. चौदा वर्षांची मुलगी तें गाई तेव्हां म्हातारपण हा दुसऱ्यांचा विषय होता, आणि ऐकणारीं वडील माणसें तिला शब्दाशब्दास पुढें ढकलीत. आतां एकोणतीस वर्षांची बाई तेंच गीत अतिशय सावकाश गाते. एकेक शब्द सोडते, त्याचें काय होतें तें ऐकते, आणि मगच पुढचा उचलते. घाई झाली तर ती समाजासच होते. आईस निवर्तून वीस वर्षें होत आलीं होतीं.

या दोन रात्रींचें चित्रीकरण दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनीं केलें, परंतु चित्र व ध्वनि यांचा मेळ बसविण्यासाठीं लागणारी खुणेची पाटीच त्यांनीं वापरली नव्हती, म्हणून तो चित्रपट वर्षानुवर्षें डब्यांत पडून राहिला. तंत्र सुधारल्यावर मेळ बसला. पुढें खुद्द अरेथानेंच कोर्टांत हरकत घेतली. आणि शेवटीं तिच्या मृत्यूनंतर, २०१८ च्या अखेरीस, तो लोकांपुढें आला. दुसऱ्या रात्रीं पहिल्या रांगेंत तिचे वडील व क्लॅरा वॉर्ड बसलेलीं दिसतात. अरेथा पियानोपाशीं बसून 'नेव्हर ग्रो ओल्ड' गात आहे, चेहरा घामानें डबडबला आहे. पाळक फ्रँकलिन उठून पुढें येतात आणि तिच्या तोंडावरचा घाम टिपूं लागतात. तिचे हात पियानोवर तसेच चालू आहेत.